लोणावळ्यात प्लेगची लस यशस्वी करणाऱ्या हाफकिनना चौकशीत कसं अडकवण्यात आलं?

लोणावळा म्हटलं की चिक्की, भुशी डॅम आणि पावसाळ्यातलं ट्रॅफिक आठवतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे नाव जगभरच्या डॉक्टरांच्या चर्चेत होतं. कारण होतं प्लेगची लस.

ती लस बनवणारा माणूस म्हणजे वाल्देमार हाफकिन. मुंबईत परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र याच माणसाला एका सरकारी चौकशीमुळे पगाराविना घरी बसावं लागलं होतं.

ओडेसा ते मुंबई

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 चा. गाव काळ्या समुद्राकाठचं ओडेसा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं. घर ज्यू. ज्यूंवर हल्ले होत असताना त्यांच्या बचावासाठी उतरलेल्या तरुणांमध्ये ते होते आणि त्यासाठी त्यांना अटकही झाली. रशियात ज्यू म्हणून पुढचे दरवाजे बंद होते. शेवटी ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. तिथे सुरुवातीला मिळालं ते ग्रंथालयातलं काम.

तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लसीकरण केलं.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिनना बोलावणं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली. 10 जानेवारी 1897 ला पहिली टोचणी पुन्हा स्वतःलाच. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली.

पुणे जिल्ह्यात तेव्हा काय चाललं होतं?

हा काळ सोपा नव्हता. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसून रुग्ण शोधत होते. लोक संतापले होते. 22 जून 1897 च्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणजे प्लेग हा फक्त आजार उरला नव्हता, तो राजकारणाचा मुद्दा झाला होता. सरकारने पाठवलेली सुई म्हटली की लोकांना संशय यायचा.

त्याच वर्षी मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरच्या लोणावळ्यातही प्लेग पसरला. हाफकिन यांनी इथे लस दिली. त्यांची पद्धत साधी होती. एकाच गावात, एकाच परिस्थितीत राहणाऱ्या लोकांपैकी लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करायची. लोणावळ्यात लस घेतलेल्यांमध्ये प्लेगही कमी झाला आणि मृत्यूही कितीतरी कमी झाले.

1898 मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावातही हेच दिसलं. प्लेग शिरलेल्या घरांमध्ये लस न घेतलेले 64 जण होते, त्यातले 26 दगावले. लस घेतलेले 71 जण होते, त्यातले 3 दगावले.

महत्त्वाचं म्हणजे ही लस ऐच्छिक होती. मुंबईत आगाखानांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतलं, त्यानंतर खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. सोजिरांना जे जमलं नाही ते विश्वासाने जमत होतं.

मुल्कोवालमध्ये काय झालं?

1902 मध्ये पंजाब सरकारने मोठी लसीकरण मोहीम आखली. मागणी अचानक वाढली. 1899 पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये असलेल्या प्रयोगशाळेने जास्त लस लवकर तयार व्हावी म्हणून पद्धत बदलली. लसीत कार्बोलिक ॲसिड घालणं बंद झालं, जंतू मारण्यासाठी उष्णतेवर भर दिला गेला.

30 ऑक्टोबर 1902 ला मुल्कोवाल गावात, जे आज पाकिस्तानात आहे, 107 जणांना लस दिली गेली. काही दिवसांतच त्यातल्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. या 19 जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांमधली लस घेतलेल्या कुणालाही धनुर्वात झाला नाही.

19 घरं उद्ध्वस्त झाली होती. चौकशी व्हायलाच हवी होती आणि झालीही. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

प्रश्न एकच होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत कुठे गेले, परळच्या प्रयोगशाळेत की गावात बाटली उघडताना?

आयोगाचा कल प्रयोगशाळेकडे होता. पण बाटली उघडणाऱ्या मदतनीसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही समोर आलं होतं. शिवाय बाटली उघडली तेव्हा लसीला वास येत नव्हता. जंतू आधीपासून वाढत असते तर दुर्गंधी आली असती, असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं.

दोष कुणाच्या माथी?

इथे राजकारण येतं. दोष प्रयोगशाळेचा ठरला तर एक शास्त्रज्ञ दोषी ठरतो. दोष गावात झाला असेल तर घाईघाईने मोहीम राबवणाऱ्या सरकारी यंत्रणेला जाब द्यावा लागतो. हाफकिन परदेशी होते, ज्यू होते आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या वर्तुळात बाहेरचे होते. त्यांना पगाराविना रजेवर पाठवलं गेलं, प्रयोगशाळेचं प्रमुखपद गेलं आणि ते लंडनला परतले. चौकशीची कागदपत्रं वर्षानुवर्षं लोकांसमोर आली नाहीत.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा चित्र बदललं. जुलै 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही असं मांडलं. फ्रान्समध्ये ज्यू लष्करी अधिकारी ड्रायफसला खोट्या आरोपात अडकवलं होतं, त्यावरून लोक या प्रकरणाला छोटं ड्रायफस प्रकरण म्हणू लागले.

नोव्हेंबर 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण मुंबईची जागा भरली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवलं गेलं आणि लसींच्या चाचण्या करण्याची मोकळीक दिली गेली नाही. 1914 मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं 1925 मध्ये. 26 ऑक्टोबर 1930 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये त्यांचं निधन झालं.

मग यातून काय समजतं?

लसीमुळे कुणाचा जीव गेला तर चौकशी हवीच, त्यात दुमत नाही. पण चूक कुठे झाली हे शोधणं आणि कुणाला दोषी ठरवणं सोयीचं आहे हे ठरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुल्कोवालमध्ये दुसरी गोष्ट आधी झाली. त्याची किंमत फक्त हाफकिन यांनी मोजली नाही. पंजाबची मोठी मोहीम कोलमडली, लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला आणि पुढची कित्येक वर्षं प्लेग पंजाबमध्ये लाखो बळी घेत राहिला.

आजही लसीबद्दल कुणी चौकशीची मागणी केली की दोन गोष्टी बघायच्या. पुरावे सगळ्यांसमोर ठेवले जाणार आहेत का? आणि यंत्रणेतल्या वरच्या माणसांनाही प्रश्न विचारले जाणार आहेत का? हाफकिन यांच्या वेळी या दोन्हींची उत्तरं मिळायला पाच वर्षं लागली.