महाराष्ट्र न पाहिलेला मराठीचा व्याकरणकार

मराठी भाषेचे व्याकरण आणि कोश रचणारा एक विद्वान महाराष्ट्रात कधी आलाच नाही, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही. डॉ. विल्यम कॅरी यांचे भारतातील सारे आयुष्य बंगालमध्ये गेले. तरीही मराठी गद्य आणि मुद्रण यांच्या आरंभीच्या इतिहासात त्यांचे नाव टाळता येत नाही.

इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशायर परगण्यातील एका खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी कॅरी यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची असल्याने लहान वयातच ते चांभारकाम शिकू लागले. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या. नोव्हेंबर १७९३ मध्ये ते धर्मप्रचारासाठी कुटुंबासह कोलकात्यात उतरले, तेव्हा ही सारी विद्या फारशी कामाची नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. येथील माणसांशी बोलायचे तर बंगाली हवी होती.

रामराम बसू या मुन्शींकडे त्यांनी बंगालीचे पाठ सुरू केले. पोटापाण्यासाठी मालदा जिल्ह्यातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. खरी भाषा त्यांना तेथेच मिळाली. मजूर, शेतकरी आणि बाजारकरी यांची बोली पंडितांच्या भाषेहून किती वेगळी आहे, हे त्यांना रोज अनुभवास येत होते. पण या शिक्षणाची किंमत जबर होती. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला. पत्नी डोरोथी यांचे मानसिक संतुलन ढळले आणि १८०७ मधील त्यांच्या निधनापर्यंत ते सावरले नाही. शेजारच्या खोलीत आजारी पत्नीचा आक्रोश आणि समोर भाषांतराची पाने, अशा अवस्थेत कॅरी यांचे काम चालत असे. पतीच्या ध्येयाचा भार न मागता वाट्याला आलेल्या या स्त्रीचे दुःख त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना मुक्त वाव नव्हता. म्हणून जानेवारी १८०० मध्ये कॅरी डॅनिश अमलाखालील श्रीरामपूरला आले. पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. तेथे बंगाली व संस्कृतबरोबर पुढे मराठीचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. १८०१ च्या ‘कथोपकथन’ या पुस्तकात त्यांनी मजुरांचे बोलणे आणि बायकांची भांडणेसुद्धा संवादरूपाने छापली. नव्या इंग्रज अधिकाऱ्यांना रस्त्यावरची भाषा कळावी, हा त्यामागील हेतू होता.

मराठीसाठी त्यांना पंडित वैजनाथ यांचे साह्य लाभले. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. कोशातील मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे वापरण्यात आले. मात्र बंगालीत जे साधले, ते मराठीत साधले नाही. श्रीरामपूरच्या मराठीवर नागपूरकडच्या बोलीची छाप होती. तिकडचे बायबलचे भाषांतर पश्चिम महाराष्ट्रात रुजले नाही आणि मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांना आपले भाषांतर नव्याने करावे लागले. बंगाली कॅरी यांनी माणसांत राहून मिळवली होती. मराठी मात्र पंडितांच्या तोंडून ऐकली होती. हा फरक परिश्रमाने भरून निघणारा नव्हता.

११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि अनेक वर्षांच्या मेहनतीची हस्तलिखिते भस्मसात झाली. भारतीय भाषांच्या बहुभाषी कोशाची सामग्रीही त्यात गेली. कॅरी तेव्हा पन्नाशीत होते. राखेतून काढलेल्या साच्यांवर नवे खिळे ओतले गेले आणि त्यांनी जळालेली कामे पुन्हा हाती घेतली. तो बहुभाषी कोश मात्र कायमचा गेला.

सतीची चाल बंद व्हावी, यासाठी कॅरी यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले होते. ४ डिसेंबर १८२९ रोजी बंदीचा कायदा झाला आणि त्याचा मसुदा बंगाली भाषांतरासाठी त्यांच्याकडे आला. मसुदा हाती आला तो दिवस रविवारचा होता. प्रत्येक तासाच्या विलंबाने एखाद्या विधवेचा प्राण जाऊ शकतो, हे जाणून त्यांनी त्या दिवशीची प्रार्थनासभा दुसऱ्यावर सोपवली आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर हातावेगळे केले. परक्या भाषेसाठी वेचलेल्या छत्तीस वर्षांचे याहून मोठे सार्थक कोणते असणार?

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरला त्यांचे निधन झाले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत.