शरणपूरचे प्राइस साहेब

नाशिकजवळील शरणपूर हे ख्रिस्ती गाव रे. विल्यम साल्टर प्राइस ह्यांनी सन १८५४ च्या सुमारास वसविले. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडविलेली पुष्कळ आफ्रिकन मुले तेथे आली. त्यांचे मायबाप, गाव, भाषा, सर्वच हरपले होते. प्राइस साहेबांनी त्यांस केवळ अन्नवस्त्र दिले असे नव्हे. अक्षरे, सुतारकाम व लोहारकाम ही शिकण्याची सोय केली. सन १८७५ त त्यांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापिली. तेथे नव्याने सुटून आलेल्यांस हात देण्यास कोण पुढे झाले? शरणपुरात वाढलेलेच! पीडितांची कीव करणे सोपे आहे. त्यांस इतरांचा आधार होण्याजोगे उभे करणे ही विद्या आहे, व ती शिकावी लागते, असे आम्हांस वाटते. प्रिय बंधुभगिनींनो, जुलूम सोसून कोणी आपल्या दारी आल्यास आपण काय करणार?