जबाबदारी पुरुषाचीही : र. धों. कर्वे यांचा एकाकी लढा

मुंबई : मूल हवे की नको, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीला नसेल, तर तिचे स्वातंत्र्य अपुरेच राहते, हा विचार शंभर वर्षांपूर्वी निर्भीडपणे मांडणारे समाजसुधारक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. वडिलांनी विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहिले. पुत्राने, ज्याचा घरात उच्चारही होत नसे, तो विषय कार्यासाठी निवडला.

गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या विषयाच्या जाहीर प्रचारामुळे त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमवावी लागली. तरीही जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि अखेरपर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यातून शास्त्रीय उत्तरे देत. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे आणि नीतीचे नियम दोघांना सारखेच असावेत, असे त्यांचे ठाम प्रतिपादन होते.

अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले भरण्यात आले, दंडही झाला. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. निकाल विरोधात गेला. मासिक मात्र थांबले नाही.

हा विचार त्यांनी स्वतःच्या संसारातही आचरला. अपत्य नको, असा निर्णय पत्नी मालतीबाईंसह घेतल्यावर कर्वे यांनी स्वतःची नसबंदी शस्त्रक्रिया करून घेतली. मालतीबाईंनी नोकरी करून संसाराचा भार उचलला आणि पतीच्या कार्यालाही साथ दिली.

देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी कर्वे यांचे निधन झाले. साधने आज गावोगावी पोहोचली आहेत. तथापि, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झाली होती. पतीच्या नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. कर्वे यांनी पुरुषांकडून अपेक्षिलेला वाटा अद्याप बाकी आहे.