होल्ट यांचे कान

स्नेहसंमेलनात माइक शिट्टी मारू लागला की सगळे माझ्याकडे बघायचे, आठवतंय? आवाजाचं ते वेड सुटलेलं नाही, म्हणून जे. गॉर्डन होल्ट यांच्याविषयी लिहिते.

ते एका अमेरिकी मासिकात हाय-फाय यंत्रांची परीक्षणं करत. जाहिरातदारांची मर्जी सांभाळणं पटेना, म्हणून १९६२ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘स्टिरिओफाइल’ काढलं; सुरुवातीला उत्पादकांच्या जाहिरातींविना. अंक वेळेवर निघत नसत, वर्गणीदार धन्य! मोजमापं हवीतच, पण शेवटी यंत्र घरी लावून ऐकायचं आणि तुलना करायची ती प्रत्यक्ष मैफलीतल्या वाद्यांशी, हा त्यांचा आग्रह.

मी मात्र सगळ्या चाचण्या पास झाल्या की सॉफ्टवेअर पाठवून मोकळी व्हायचे. एकदा ते वापरणाऱ्या बाई रडकुंडीला आलेल्या पाहिल्या, तेव्हा होल्ट समजले.

उतारवयात ते आपल्याच पंथावर चिडले. लोक खरं वाद्य विसरून नुसतं कानाला गोड लागणारं शोधत होते, शिवाय डोळे झाकून परीक्षा द्यायला तयार नव्हते. १९८२ मध्ये विकलेल्या मासिकात ते १९९९ पर्यंत लिहीत राहिले, मग बाहेर पडले. २००९ मध्ये बोल्डरला वारले.

मेळाव्याचा माइक मीच तपासणार आहे. शेवटच्या रांगेत बसून.