गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६ – १९ फेब्रुवारी १९१५) हे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसमधील नेमस्त विचारांचे अग्रगण्य नेते, अर्थशास्त्राचे व्यासंगी अभ्यासक, शिक्षक आणि केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य होते. १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ते काँग्रेसच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक कार्य हा फावल्या वेळचा उद्योग नसून शिस्त, अभ्यास आणि वैयक्तिक उत्तरदायित्व मागणारे व्रत आहे, ही भूमिका त्यांनी विचारातून तसेच आचरणातून मांडली. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत.

बालपण आणि शिक्षण

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या आजोळच्या गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूर संस्थानाशी संबंधित कागल येथे नोकरीस होते. आईचे नाव सत्यभामाबाई. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबावर आर्थिक संकट कोसळले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. या त्यागाची जाणीव गोखले यांनी जन्मभर ठेवली.

१८८१ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय येथे त्यांचे पुढील शिक्षण झाले. १८८४ मध्ये त्यांनी बी. ए. ही पदवी मिळवली.

अध्यापन आणि सार्वजनिक जीवनाची दीक्षा

पदवीनंतर गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १८८६ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याचे बंधन या सदस्यत्वात होते व ते त्यांनी पाळले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकवले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळांतून बराच काळ वापरले जात होते.

याच काळात ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले. सरकारी अहवाल, अर्थसंकल्प आणि महसुलाची आकडेवारी बारकाईने वाचून त्यावर टिपणे तयार करण्याचे काम रानडे त्यांच्याकडून करून घेत. कोणतेही विधान पुराव्याशिवाय करू नये, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती या शिकवणीतून. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि पुढे सभेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी विभागाची जबाबदारीही काही वर्षे त्यांच्याकडे होती. सार्वजनिक सभेत मतभेद होऊन ती लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे गेल्यावर, १८९६ साली रानडे यांनी स्थापन केलेल्या डेक्कन सभेचे काम गोखले पाहू लागले.

१८९७ चे माफी प्रकरण

भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ साली इंग्लंडला गेले. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर यांनीही या आयोगापुढे साक्षी दिल्या. तिशीतील गोखले यांनी लष्करी आणि प्रशासकीय खर्चाचा भार भारतीय करदात्यांवर कसा पडतो, याची आकडेवारीनिशी मांडणी केली आणि उलटतपासणीला समर्थपणे तोंड दिले.

त्या सुमारास पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरझडतीसाठी सैनिकांचा वापर होत असल्याने लोकांत तीव्र असंतोष होता. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचे पुण्याहून आलेल्या पत्रांतून गोखले यांना कळले. पत्रलेखकांवर विश्वास ठेवून त्यांनी हा आरोप इंग्लंडमध्ये जाहीरपणे केला. ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उमटले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळला. दरम्यान २२ जून रोजी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्याने वातावरण अधिकच तापले.

जुलैअखेर मुंबईस परतल्यावर गोखले यांनी माहिती देणाऱ्यांकडे पुरावा मागितला. तथापि कोणीही नावानिशी पुढे येण्यास तयार झाले नाही. पत्रलेखकांची नावे जाहीर करून दोष त्यांच्यावर ढकलणे शक्य होते. परंतु विश्वासाने लिहिणाऱ्यांना संकटात लोटणे त्यांना मान्य नव्हते आणि जे सिद्ध करता येत नाही त्याला चिकटून राहणेही त्यांना पटेना. ऑगस्टच्या आरंभी वृत्तपत्रांतून त्यांनी आरोप मागे घेतला. गव्हर्नर, प्लेग समितीचे सदस्य आणि प्लेगच्या कामावरील सैनिक यांची त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

या माफीमुळे त्यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली. अनेकांना ती भ्याडपणाची वाटली, आणि सैनिकांच्या जाचाचा अनुभव घेतलेल्या पुणेकरांना तर तो आपल्या दुःखाचा अव्हेर वाटला. त्या वर्षअखेरच्या अमरावती येथील काँग्रेस अधिवेशनातही त्यांना रोषाला तोंड द्यावे लागले. त्यांचे सार्वजनिक जीवन संपले असेच काहींना वाटले. गोखले यांनी मात्र वादात न पडता पुढील साथीच्या वेळी पुण्यात प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून स्वतःला वाहून घेतले. जाहीर विधानाची जबाबदारी बोलणाऱ्याची असते, हा धडा त्यांच्या पुढील प्रत्येक भाषणात दिसून येतो.

कायदेमंडळातील कार्य

१८९९ साली गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०२ पासून अखेरपर्यंत ते केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य होते. या मंडळांना फारसे अधिकार नव्हते. सरकारनियुक्त अधिकाऱ्यांचे बहुमत असल्याने विरोधी सदस्याला एखादा प्रस्ताव मतांच्या बळावर संमत करून घेणे जवळजवळ अशक्य होते. अशा सभागृहात युक्तिवाद हेच एकमेव साधन गोखले यांच्या हाती होते.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर केलेले पहिले भाषण विशेष गाजले. सरकार शिलकीचा अभिमान मिरवत असताना देश दुष्काळाने होरपळत होता. ही शिल्लक समृद्धीची खूण नसून लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर वसूल होत असल्याचा पुरावा आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. गरिबांवर पडणारा मिठाचा कर कमी करावा, लष्करी खर्च आटोक्यात आणावा आणि शिक्षण व आरोग्यावर अधिक खर्च व्हावा, या मागण्या त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरल्या. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ ते १९०७ या काळात तो टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. लोकमताच्या या दीर्घ रेट्यात गोखले यांच्या भाषणांचा वाटा मोठा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी ते काही काळ पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. सभासदांना कारभाराविषयी प्रश्न विचारता यावेत आणि कामकाजाचा वृत्तांत नागरिकांसमोर यावा, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. स्थानिक संस्था ही स्वराज्याची शाळा आहे, अशी त्यांची धारणा होती.

भारत सेवक समाज

१२ जून १९०५ रोजी गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशसेवेला पूर्ण वेळ देणारे, अभ्यासू आणि निःस्वार्थी कार्यकर्ते घडवणे हे तिचे उद्दिष्ट होते. सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाला सर्वप्रथम स्थान देणे, सेवा करताना स्वतःचा लाभ न पाहणे, जात व धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानणे आणि संस्था देईल त्या अल्प वेतनात समाधानी राहणे, ही त्यांतील प्रमुख सूत्रे होत. नव्या सदस्यांना पाच वर्षे अध्ययन आणि देशभ्रमण करून उमेदवारी करावी लागे.

गोपाळ कृष्ण देवधर, श्रीनिवास शास्त्री, नारायण मल्हार जोशी, हृदयनाथ कुंझरू आणि ठक्कर बाप्पा हे या संस्थेचे नामवंत सदस्य होत. दुष्काळ निवारण, सहकार, कामगार संघटना, स्त्रीशिक्षण, तसेच आदिवासी व दलितांची सेवा अशा क्षेत्रांत त्यांनी कार्य केले. अस्पृश्यता हा न्याय आणि राष्ट्रीय स्वाभिमान या दोहोंवरील कलंक आहे, ही भूमिका गोखले यांनी १९०३ साली धारवाड येथील सामाजिक परिषदेत मांडली होती.

प्राथमिक शिक्षण विधेयक

निरक्षर समाजात नागरिकत्वाचा अर्थ मोजक्या लोकांपुरताच उरतो, या जाणिवेतून गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातील तरतुदी सावध होत्या. जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील आणि जेथील स्थानिक संस्था तयार असेल, तेथेच सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावयाचे होते. मुलींसाठी ही सक्ती नंतर लागू करण्याची मुभा होती. खर्चाचा काही भाग स्थानिक संस्थांनी आणि मोठा भाग सरकारने उचलावा, असे सुचवले होते.

सरकारने खर्चाचे कारण पुढे केले, तर काही भारतीय जमीनदार सदस्यांनीही विधेयकाला विरोध केला. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे गोखले जाणून होते. हा प्रश्न पुन्हा पुन्हा मांडला जाईल आणि आपल्या पिढीचे अपयश पुढील पिढीच्या यशाची पायरी ठरेल, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने मुंबई प्रांतात नगरपालिका क्षेत्रांसाठी असा कायदा झाला. संपूर्ण देशात सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला.

दक्षिण आफ्रिका आणि गांधीजी

करारबद्ध मजुरांची नाताळमध्ये होणारी भरती बंद करावी, हा गोखले यांचा ठराव १९१० साली सरकारने स्वीकारला. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. तेथील भारतीयांवरील तीन पौंडांच्या करासह अनेक प्रश्नांवर त्यांनी मंत्र्यांशी चर्चा केली. दौऱ्यात गांधीजी त्यांच्यासोबत होते. पुढील वर्षी सत्याग्रह पेटला तेव्हा प्रकृती खालावलेली असतानाही गोखले यांनी भारतात निधी गोळा केला. गांधीजी १९१५ च्या जानेवारीत मायदेशी परतले. एक वर्ष देश पाहावा आणि तोवर राजकीय प्रश्नांवर मत देऊ नये, हा गोखले यांचा सल्ला त्यांनी पाळला.

टीका

सनदशीर मार्गावरील गोखले यांची निष्ठा जहाल पक्षाला दुबळेपणाची वाटे. टिळकांच्या ‘केसरी’तून त्यांच्यावर सातत्याने टीका झाली आणि १९०७ च्या सुरत अधिवेशनात काँग्रेसमध्ये फूट पडली. दुसरीकडे सरकारी वर्तुळातही त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. त्यांचे राजकारण प्रामुख्याने सुशिक्षित वर्गापुरते मर्यादित राहिले, असा आक्षेपही घेतला जातो. ज्या कायदेमंडळात ते बोलत, ते अत्यंत थोड्या लोकांनी निवडलेले होते, ही त्या काळाची मर्यादा होती. १९१४ साली सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला.

मृत्यू आणि वारसा

मधुमेह आणि हृदयविकाराने जर्जर झालेल्या गोखले यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या ४८ व्या वर्षी निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांनी भारतातील राजकीय सुधारणांचा आराखडा तयार केला होता. अंत्यसंस्काराच्या वेळी टिळकांनी मतभेद बाजूला ठेवून त्यांच्या देशसेवेचा गौरव केला.

१९३० साली पुण्यात स्थापन झालेली गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. भारत सेवक समाजाचे कार्यही त्यांच्या पश्चात चालू राहिले. त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे सार्वजनिक खर्चाच्या चिकित्सेचा नमुना म्हणून आजही अभ्यासली जातात. सरकारला जाब विचारणाऱ्या नागरिकाने आधी कागदपत्रे वाचावीत, बोलावे ते सिद्ध करता येईल इतकेच बोलावे आणि चुकल्यास उघडपणे मागे घ्यावे, हा दंडक त्यांनी स्वतःला लावून घेतला होता.