बाळू पालवणकर

क्रिकेटचा खेळ इंग्रजांनी आपल्याबरोबर हिंदुस्थानात आणला. प्रथम तो त्यांच्या छावण्यांत व जिमखान्यांत खेळला जाई. पुढे मुंबईच्या पारशी तरुणांनी तो उचलला व त्यांच्यामागून हिंदु आणि मुसलमान तरुण मैदानात उतरले. प्रत्येक समाजाचा जिमखाना निराळा व संघही निराळा. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या त्या काळात, समाजाने अस्पृश्य मानलेल्या चर्मकार कुळातील एक तरुण आपल्या डाव्या हाताच्या बळावर हिंदुस्थानचा श्रेष्ठ गोलंदाज ठरला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. वडील सैन्यात नोकरीस असल्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम क्रिकेटचे पहिले धडे शिकले. घरच्या गरिबीमुळे शाळा सुटली आणि बाळूंना पारशी मंडळींच्या एका क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरविणे व सभासदांना अधूनमधून चेंडू टाकणे हे ते काम. पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर ते रुजू झाले.

या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी ८ आणे देण्याचे त्यांनी कबूल केले होते, असे सांगतात. रोज शेकडो चेंडू टाकून बाळूंचा हात असा काही बसला, की चेंडूची फिरक, उंची आणि वेग मनास येईल तसा बदलणे त्यांना सहज साधू लागले. मात्र इतक्या वर्षांत त्यांच्या हाती फलंदाजीसाठी बॅट एकदाही दिली गेली नाही. सेवकाने चेंडू टाकावा व साहेबाने तो टोलवावा, असा तेथील रिवाज होता!

पुण्याच्या हिंदु संघाला गोऱ्यांचा पराभव करावयाचा होता. परंतु या गोलंदाजाला संघात घ्यावे की नाही, यावरून सभासदांत मोठा वाद माजला. अखेरीस जिंकण्याची ईर्षा सोवळ्यावर मात करून गेली व बाळूंना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला खरा, पण तो मैदानापुरताच. तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्याचा विटाळ कोणास होत नसे. चहाची वेळ झाली, की बाळूंना मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही दूर मांडले जाई. साताऱ्याच्या गोऱ्या संघाने तर त्यांच्या भीतीने खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती कठीण करून ठेवली. तरीही बाळूंनी ७ गडी बाद करून पुण्याला विजय मिळवून दिला. ज्याच्यासह आपण खेळतो त्याच्यासह जेवावयास का कचरतो, असे न्यायमूर्ती रानडे यांनी त्या काळी पुणेकरांना बजावले होते.

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईस आले. येथे ते रेल्वेच्या नोकरीत शिरले व तिच्या संघातून आणि हिंदु जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदु संघाचा गोऱ्यांशी सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. गोऱ्यांना १९१ व १०२ धावांवर रोखून त्यांनी १०९ धावांनी विजय मिळविला. यांत एकट्या बाळूंचे ८ बळी होते. मुंबईच्या जिमखान्यात एव्हाना बाळू व शिवराम इतरांच्या पंक्तीस बसू लागले होते. विजयापेक्षा या पंक्तीचेच कौतुक एका सुधारक पत्राने अधिक केले, आणि ते योग्यच होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाला विजय थोडेच मिळाले. पण बाळूंनी ११४ बळी घेतले. लीस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात तर एकट्याने ११ गडी टिपले. खांदा दुखत असूनही ते सारा दौरा खेळत राहिले. परत आल्यावर त्यांच्या समाजबांधवांनी मुंबईत त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते.

एवढा पराक्रम करूनही हिंदु संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. दरवर्षी निवड होई व दरवर्षी एखाद्या उच्चवर्णीय खेळाडूचे नाव पुढे येई. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. लोकमत खवळले. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले. कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी गोऱ्यांना हरविले तेव्हा लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले.

खेळ सोडल्यावर बाळू राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले ते डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध! आपल्या तरुणपणी ज्यांनी बाळूंचा गौरव केला होता, ते आता प्रतिस्पर्धी होते. थोड्याच मतांनी बाळूंचा पराभव झाला. धर्मावर संघ पाडणारी ती जुनी स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली व प्रांतांच्या संघांचे रणजी सामनेच मुख्य झाले. हा बदल पाहून ४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत निवर्तले.