एन्रिको फर्मी : प्रोटॉनवर टकटक करणारे शास्त्रज्ञ



बाजारात मडकं घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो. आवाजावरून त्याची अवस्था कळते, फोडावं लागत नाही. प्रोटॉनची तपासणीही काहीशी अशीच होते. अणुभट्टीमुळे सर्वांना माहीत असलेले एन्रिको फर्मी या कामातही अग्रभागी होते.

त्यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोममध्ये झाला. १९१५ साली मोठा भाऊ ज्युलिओ एका किरकोळ शस्त्रक्रियेत दगावला. एन्रिकोचा तोच जिवलग सोबती. दुःखी झालेला हा मुलगा पुस्तकांत रमला. जुन्या बाजारातून त्याने भौतिकशास्त्राचा लॅटिन ग्रंथ आणला. वडिलांचे सहकारी अमिदेई त्याला गणिताची पुस्तकं देत, पण एक नीट समजलं की मगच दुसरं! पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

१९३८ मध्ये फर्मींना नोबेल मिळालं. पत्नी लॉरा ज्यू असल्याने इटलीत राहणं धोक्याचं झालं होतं. पुरस्कार घेऊन हे कुटुंब थेट अमेरिकेला गेलं. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत त्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी घडवली.

एवढं नाव झालं, तरी पन्नाशीला आलेले फर्मी पुन्हा नव्या विषयाकडे वळले. १९५१ मध्ये शिकागोत मोठं सिंक्रोसायक्लोट्रॉन यंत्र सुरू झालं. त्यात पायॉन नावाचे कण तयार करता येत. त्यासाठी लागणारं लक्ष्य यंत्राच्या आत हव्या त्या जागी नेणारी छोटी गाडी फर्मींनी स्वतःच्या हाताने बनवली.

ते पायॉन हायड्रोजनमधल्या प्रोटॉनवर सोडले. पायॉनची ऊर्जा वाढवत नेली तसं त्यांचं विखुरणं झपाट्याने वाढलं. मात्र फर्मींनी निष्कर्षाची घाई केली नाही. पुढच्या प्रयोगांतून पक्कं झालं की प्रोटॉन म्हणजे घट्ट गोटी नव्हे. ऊर्जा मिळाली की तो उत्तेजित अवस्थेत जातो. या अवस्थेला डेल्टा म्हणतात. ती प्रोटॉनपेक्षा सुमारे ३१ टक्के जड असते आणि क्षणार्धात पायॉन बाहेर टाकून मोडते.

आज अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेत प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवून हाच अभ्यास होतो. इलेक्ट्रॉन म्हणजे टकटक करणारं बोट, तर बाहेर पडणारा पायॉन म्हणजे आवाज. दोघांची दिशा आणि ऊर्जा मोजली की प्रोटॉनच्या आत काय बदललं याचा अंदाज बांधता येतो.

१९५४ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या वारेन्ना इथे फर्मी पायॉन आणि न्यूक्लिऑन हाच विषय शिकवत होते. पोटाच्या कर्करोगाने शरीर पोखरलं होतं, पण त्याचं निदान अजून व्हायचं होतं. २८ नोव्हेंबरला वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले.

अणूचा पाठ घेताना मुलांना एक बंद डबा द्या. न उघडता, हलवून आणि वाजवून, आत काय आहे ते ओळखायला सांगा. मग फर्मींची ही गोष्ट सांगा.